गावातला पहिला रेडिओ कोणाचा? पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमाची गोष्ट

पंधरा मिनिटांचा एक रेडिओ कार्यक्रम करायला मला अडीच महिने लागले. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी 'एवढंसं काय ते' म्हणायला नको. मी गोव्यात होंडा गावी फॅक्टरीत शिफ्टमध्ये काम करतो, घर डिचोली आणि सत्तरीच्या मधल्या पट्ट्यात, आणि आमच्या बाजूला एक कम्युनिटी रेडिओ, म्हणजे आसपासच्या गावांपुरतं, इथल्याच माणसांनी चालवलेलं छोटं स्टेशन आहे, तिथे सुट्टीच्या दिवशी जातो, फुकट. स्टेशनचं नाव देत नाही, कारण तिथल्या लोकांबद्दल बरंच काय काय लिहिणार आहे आणि मला परत तिथेच जायचंय.

रेडिओचा नाद खरं तर मला नव्हताच, आईला आहे. तिचा एक काळा सेट आहे, हँडल तुटलेलं, त्याला सुंभ बांधलंय, आणि डायलच्या काचेवर माझ्या बहिणीच्या नेलपॉलिशचा लाल टिपका आहे. तो टिपका म्हणजे १२८७ किलोहर्ट्झ, आकाशवाणी पणजी. बाकीच्या डायलशी तिला काही देणंघेणं नाही. सेल मंद झाले की ती ते काढून अंगणात उन्हात ठेवते, आमसुलांच्या शेजारी, आणि खरंच सांगतो अजून दोन दिवस चालतात. मी तिला फोनमध्ये आकाशवाणीचं अ‍ॅप टाकून दिलं होतं. तिने दोन दिवस ऐकलं आणि म्हणाली, "ह्याच्यात मधेच कोणाचाही फोन येतो." संपलं.

मग २०२१ चं तौक्ते आलं. १६ मे, रविवार. कोविडचा कर्फ्यू चालू, त्यात हे. सकाळी आमच्या मागचा फणस पडला तो सरळ विजेच्या तारांवर, रस्त्यावर तीन ठिकाणी खांब आडवे, दुपारपर्यंत मोबाइलची रेंज गेली आणि रात्रीपर्यंत सगळ्यांचे फोन मेले. आमच्याकडे चार दिवस लाइट नव्हती. त्या चार दिवसांत आमच्या वाड्यावर चालू असलेली एकच गोष्ट म्हणजे आईचा रेडिओ. संध्याकाळी शेजारची सात-आठ माणसं अंगणात येऊन बसायची, मास्क लावून, अंतर ठेवून, मधे स्टुलावर तो सुंभाचा सेट. वादळ पुढे गुजरातला जाऊन जमिनीवर चढलं हे आम्हाला त्यानेच सांगितलं. मला आठवतंय, बातम्या संपल्या आणि गाणं लागलं तरी कोणी उठलं नाही. घरी अंधारच होता म्हणा, जाणार कुठे.

तेव्हापासून तो डबा माझ्या डोक्यात राहिला. आणि यंदा जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी फॉरवर्ड केलं की कम्युनिटी रेडिओला माणसं पाहिजेत, शिक्षणाची अट नाही, आवाजाची अट नाही. आवाजाची अट नाही हे वाचून मला थोडा अपमानच वाटला, कारण मी जत्रेच्या नाटकांत कामं करणारा माणूस. आमच्याकडे जत्रेला गावातल्याच पोरांचं मराठी नाटक असतं, ऐतिहासिक असेल तर जास्त बरं, आणि मी दोनदा राजा आणि एकदा फितूर सरदार झालेलो आहे. तर आवाजाबद्दल मला खात्री होती.

टेस्ट म्हणजे एक कागद दिला, त्यावर पाणीपुरवठा बंद राहणार असल्याची सूचना होती, साधी चार ओळींची. मी माइकसमोर उभा राहिलो, छाती भरून घेतली, आणि "उद्या सकाळी आठ ते दुपारी दोन" असं म्हटलं की काचेपलीकडच्या मॅडमनी दोन्ही हात कानांवर नेले. हेडफोन होता त्यांच्या कानाला. मिक्सरवरचे सगळे दिवे लाल. मॅडम बाहेर येऊन हसत म्हणाल्या, "तुम्ही शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकवताय. इथे शेवटची रांग नाहीये. माणूस वीतभर लांब आहे." त्यांच्या मागे एक म्हातारे गृहस्थ बसले होते, रिटायर्ड इंजिनियर, आयुष्यभर ट्रान्समीटर सांभाळलेले, सगळे त्यांना काका म्हणतात. ते म्हणाले, "आई आहे घरी? मग असं समज की आई चुलीकडे आहे आणि तू पडवीत बसून तिला सांगतोयस की उद्या नळ येणार नाही, भरून ठेव." तसं वाचलं. काका म्हणाले, "हं. आता रेडिओ झाला."

ही एकच गोष्ट शिकायला मला पुढे महिना गेला. ऐकणारा एक असतो. लाख असले तरी प्रत्येकजण एकटाच ऐकत असतो, कोणी भाकरी थापताना, कोणी टेंपो चालवताना. म्हणून काकांना 'तमाम श्रोतेहो' म्हटलेलं अजिबात चालत नाही, म्हणतात ही काय निवडणुकीची सभा आहे काय. बाकी नियम बारीकसारीक, पण ते मोडले की लगेच कळतं. कागदाला स्टेपलर मारायचा नाही, पान उलटताना आवाज येतो, पान संपलं की ते हळूच बाजूला सरकवायचं. माइकच्या नाकासमोर बोलायचं नाही, थोडं तिरकं बसायचं, नाहीतर 'प' आणि 'फ' म्हटलं की फटाका फुटतो. रेकॉर्डिंगआधी चहा नको, तोंड चिकट होतं, साधं पाणी प्यायचं. आणि लाल दिवा लागला की एसी बंद! मार्च महिन्यात, फोम लावलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत, एसी बंद. मी तिथे जेवढा घाम गाळलाय तेवढा राजाच्या मुकुटातसुद्धा गाळला नव्हता.

मधल्या वेळात काकांचं गप्पाष्टक चालायचं आणि खरं सांगायचं तर मी निम्मा त्याच्यासाठीच जायचो. मला वाटायचं रेडिओ स्टेशन म्हणजे काहीतरी मोठं प्रकरण. काका म्हणाले आपली ताकद शंभर वॅट. मी म्हटलं शंभर काय? "घरात पूर्वी पिवळा बल्ब असायचा ना, तेवढी." कायद्यानेच तेवढी, आणि मनोरा जास्तीत जास्त तीस मीटर. दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत जातं, मधे डोंगर नसेल तर. कार्यक्रमांपैकी निदान अर्धे तरी इथलेच, इथल्या माणसांनी केलेले असायला पाहिजेत. आणि स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत. पाहिजे तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावा, एक शब्द न बदलता. हवामान, परीक्षेचा निकाल, लाइट कधी जाणार, पाणी कधी येणार, हे चालतं, कारण सरकारच्या लेखी ती बातमी नव्हे. मला हे जरा विचित्र वाटतं, आमच्या गावात पाणी आलं तर तीच सगळ्यात मोठी बातमी असते.

हे सगळं सुरू कसं झालं तेही त्यांनीच सांगितलं. १९९५ साली सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. तो खटला होता क्रिकेटच्या मॅचच्या प्रक्षेपणाचा! आणि त्या खंडपीठावर होते आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत. मग २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना अशी स्टेशनं काढायला परवानगी मिळाली, चेन्नईला २००४ मध्ये अण्णा विद्यापीठाचं पहिलं सुरू झालं, आणि २००६ च्या शेवटी सामाजिक संस्थांनाही दार उघडलं. म्हणजे क्रिकेटवरून भांडण, आणि त्यातून शेवटी मला आजोचा आवाज हवेत सोडता आला. आजोचं पुढे येतंच.

महिन्याभराने मॅडम म्हणाल्या आता तुमचा एक कार्यक्रम करा, पंधरा मिनिटं, विषय तुम्हीच शोधा. मी मोठे मोठे विषय नेले. म्हादईचं पाणी, खाणी, कॅसिनो. मॅडमनी एकेक ऐकलं आणि विचारलं, "ह्यात तुम्हाला असं काय माहितीये जे पेपरात येत नाही?" काहीच नव्हतं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "रेडिओवर बोलायचं तर रेडिओबद्दल बोल की. आपल्या गावात पहिला रेडिओ आजोच्या बापाने आणला." मी एवढी वर्षं त्या गावात राहतोय आणि मला हे माहीत नव्हतं.

आजो म्हणजे माझा सख्खा नव्हे, गावचाच आजो, वय सत्त्याहत्तर, दात तीन, आवाज मात्र खणखणीत, अजून भजनात टाळ धरतो. मी स्टेशनचा रेकॉर्डर घेऊन त्याच्या पडवीत गेलो. त्याच्याकडून आधी संमतीचा कागद सही करून घ्यायचा असतो, तो त्याने तीनदा वाचून घेतला, जमिनीचं काही नाही ना म्हणून. मग बोलायला लागला ते पाऊण तास थांबलाच नाही. लाकडी सेट, आत व्हॉल्व्ह, गावात लाइट नाही म्हणून विटेएवढी बॅटरी, ती संपली की डिचोलीच्या बाजारातून आणायची. नारळाच्या झाडापासून कौलापर्यंत तांब्याची तार, एरियल म्हणून. संध्याकाळी अर्धा गाव पडवीत, बायका आतल्या दारात. पणजीचं पोर्तुगीजांचं स्टेशन लागायचं, एमिसोरा द गोवा, आणि बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन, गीतमाला. आम्ही पोरं चाल पाठ करायचो, शब्द आपल्या मनाचे घालायचो, म्हणाला.

आणि मग आवाज खाली आणून त्याने ते सांगितलं. दुसरं एक स्टेशन होतं, चोरून ऐकायचं, गोंय सोडवण्याचं. पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, पोलिसांना कळलं तर मार ठरलेला. म्हणून त्याचा बाप तेवढ्या वेळेपुरता रेडिओ उचलून आतल्या खोलीत भाताच्या कणगीत ठेवायचा, आवाज अगदी बारीक, आणि बाप, चुलता आणि तेरा वर्षांचा हा, तिघं कणगीत डोकी घालून ऐकायचे, वरून गोणपाट. आत भाताची धूळ, शिंक आली तर तोंडात पंचा कोंबायचा. "भाताचो वास आयलो काय म्हाका अजून तो आवाज आयकूंक येता," असं म्हणाला आणि गप्प झाला. मी पण गप्प. मला तेव्हाच कळलं की कार्यक्रम झाला.

घरी येऊन हेडफोन लावला. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत घर्रर्र. डोक्यावरचा फॅन. पडवीत बसल्यावर तो मला ऐकूच आला नव्हता, कान सोडून देतात, माइक सोडत नाही. त्यात मी रेकॉर्डर ऑटोवर ठेवलेला, त्यामुळे आजो गप्प झाला की मशीन आपोआप कान टवकारतं आणि फॅन हेलिकॉप्टरसारखा वर येतो. म्हणजे नेमका त्या वाक्यानंतरचा जो शांत क्षण, तिथे हेलिकॉप्टर!

मी दुसऱ्या रविवारी परत गेलो. फॅन बंद, फ्रिजचं बटण बंद, कोंबड्या परसात हाकलल्या, नातवाला चॉकलेट देऊन शेजारी पाठवला. सगळं चकाचक. आणि आजोला म्हटलं, आता ती कणगीची गोष्ट परत सांग. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "तें तुका त्या दिसा सांगलां न्हय?" मी म्हटलं हो पण मशीनला नीट ऐकू आलं नाही. मग सांगितली, दीड मिनिटात, शाळेत कविता म्हणतात तशी. कणगी आली, गोणपाट आलं, पंचा आला नाही. भाताचा वास तर नाहीच. मी आडून आडून विचारलं, वास बीस काही आठवतो का? "वास कसलो?" म्हणाला. उलट यावेळी पंचायतीने रस्ता कसा खाल्ला त्यावर दहा मिनिटं बोलला, ते आम्हाला लावता येत नाही, राजकारण चालत नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तर सूनबाईनेच दारात विचारलं, आज परत कणगीच काय?

स्टेशनवर जाऊन दोन्ही रेकॉर्डिंग काकांना ऐकवली. मला वाटलं ओरडतील. त्यांनी डोळे मिटून घर्रर्रवालं ऐकलं, परत ऐकलं, आणि म्हणाले बाकी सगळं दुसऱ्या दिवसाचं घे, कणगीचं मात्र पहिल्या दिवसाचंच, फॅनसकट. थोडा कमी करू, पण काढायला गेलो तर माणसाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होईल. "फॅन ऐकू आला तर येऊ दे. गोव्यात मार्चात फॅन चालतो हे लोकांना माहीत आहे."

पण एक अट घातली, आजो सांगतो ते स्टेशन खरं होतं की नाही ते बघून ये, आपण हवेत सोडतोय. तर वाचनालयात बसून वाचलं. होतं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी ते चालवलं, नोव्हेंबर १९५५ पासून थेट डिसेंबर १९६१ पर्यंत, आधी आंबोलीच्या जंगलातून आणि मग कॅसलरॉकच्या बाजूने. ट्रान्समीटर ट्रकमध्ये. पोर्तुगीज आणि कोकणी, दोन्ही भाषांत. सहा वर्षं जंगलात, सापविंचवात. १८ डिसेंबरला भारतीय विमानांनी बांबोळीचं पोर्तुगीजांचं वायरलेस स्टेशन उडवलं, दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला आणि मग ही दोघं विमानात बसली, त्याला लाउडस्पीकर बांधला होता, आणि वरून गोव्याला ओरडून सांगितलं की पोर्तुगीज शरण आले. पुढे दोघांनी लग्न केलं. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्या शंभरीत होत्या. मी हे आजोला जाऊन सांगितलं की तुम्ही कणगीत ऐकायचा ती माणसं आपल्यापासून फार लांब नव्हती, आंबोलीला होती. तो म्हणाला, "आंबोली? आमी गोरवां घेवपाक थंय वताले." आम्ही गुरं घ्यायला तिथे जायचो. त्याला तेच जास्त महत्त्वाचं वाटलं.

भाषेचाही एक प्रश्न होताच. गोव्यात मराठी आणि कोकणी हा विषय काढला की चहा थंड होतो, म्हणून थोडक्यात सांगतो. आमच्या घरात बोलतात ती कोकणी, शाळा शिकलो मराठीत, भजन मराठी, भांडण कोकणी. मॅडमनी विचारलं कार्यक्रम कुठल्या भाषेत, मी म्हटलं मी मराठीत बोलतो आणि आजो बोलतो तसं बोलू दे. फॉर्मवर एकच चौकोन भरायचा होता. मॅडमनी दोन भरले.

एडिटिंगबद्दल फार सांगत नाही, ते करताना माणूस चिडचिडा होतो एवढंच. ऑडॅसिटी म्हणून फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात आवाज डोंगरांच्या रांगेसारखा दिसतो, आणि दीड तासाच्या डोंगरातून अकरा मिनिटं उचलायची. आजोचे खोकले मी सगळे कापले होते, मॅडमनी दोन परत घालायला लावले, म्हणाल्या नाहीतर तो माणूस श्वासच घेत नाही असं वाटतं. फिल्मी गाणं लावता येत नाही, हक्काचे पैसे कोण देणार, म्हणून आमच्या भजनी मंडळातल्या पोराकडून घुमट, आमच्याकडचं मातीचं वाद्य, वाजवून घेतलं, वीस सेकंद. सगळं झाल्यावर रजिस्टरमध्ये नोंद, आणि लावलेलं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवायचं असतं, कोणी तक्रार केली तर. माझ्या कार्यक्रमावर कोण तक्रार करणार, असं मी म्हटलं.

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला लागणार होता. सकाळी कामावर असताना अचानक डोक्यात आलं, की आमचा वाडा डोंगराच्या पलीकडे, खळग्यात आहे. आमच्याकडे हे स्टेशन लागतच नाही! एवढे दिवस मी स्टेशनवरच ऐकायचो, घरी कधी लावून बघितलंच नव्हतं. काकांना फोन केला. ते अगदी थंडपणे म्हणाले, नाहीच लागणार, एफएम बॅटरीच्या उजेडासारखा सरळ जातो, मधे डोंगर आला की पलीकडे काळोख. तुझ्या आईचं पणजी मीडियम वेव्हवर आहे, ते जमिनीला धरून येतं म्हणून खळग्यात पण पोचतं. मग मी काय करू? "वर चढ," म्हणाले.

हाफ डे टाकला. आमच्या वर सडा आहे, मोकळा, काजूच्या बागा संपल्या की तिथून स्टेशनच्या बाजूचं सगळं दिसतं. सहाला मी आजोला स्कूटरवर मागे बसवून वर नेलं, तो वाटभर माझ्या खांद्यावर टाळ धरल्यासारखा धरून. आई चालत आली, सेट काखेत. सूनबाई, नातू आणि त्याचा मित्र. त्या दोघांनी फोनवर लावायचा प्रयत्न केला, पण नवीन फोनला इअरफोनचं भोकच नसतं आणि ती वायर म्हणजेच एरियल, त्यामुळे ते राहिलं. एप्रिल होता, काजूचा मोसम, बोंडू गोळा करून परतणाऱ्या तीन बायका काय चाललंय बघायला थांबल्या त्या डोक्यावरच्या बादल्या खाली ठेवून बसल्याच. आईने आयुष्यात पहिल्यांदा सेट एफएमवर नेला, लाल टिपक्यावरून काटा हलवताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता. घर्रर्र, घर्रर्र, मग कोणतरी हिंदी बोललं, मग एकदम मॅडमचा आवाज. मित्राने एरियल धरून हात वर केला की स्वच्छ, खाली केला की खरखर. तर तो पंधरा मिनिटं हात वर करून उभा.

माझा आवाज आला तेव्हा मी दुसरीकडे बघत होतो. आई म्हणाली, "सर्दी झालीय काय तुला?" आजो काही बोलला नाही, सेटकडे कान करून बसला. कणगी आली. फॅनची घरघर आली. गोणपाट, धूळ, पंचा. बायकांतली एक हळूच म्हणाली, आमच्या घरात पण तशी कणगी होती. आणि "भाताचो वास आयलो काय" म्हणून आजोने म्हटलं, तेवढ्यात खालच्या रस्त्याने टिपर गेला, गिअर बदलत, भरलेला, आणि ते आख्खं वाक्य त्याने खाल्लं. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. आजो म्हणाला, "कितें सांगलें हांवें?"

मी तोंडाने सांगितलं. त्याने मान हलवली, बरोबर आहे म्हणाला. मग शेवटी मी आजूबाजूच्या वाड्यांची नावं घेतली होती, देऊळवाडा, मधलावाडा, गावकरवाडा, कुठे कुठे जुने रेडिओ होते म्हणून ऐकलं ते, आणि ती नावं आली तशी त्या तीन बायका एकदम सरळ होऊन बसल्या, कारण त्या मधल्यावाड्याच्या. पणजीच्या स्टेशनवरून गोव्याचं नाव येतं, दिल्लीवरून देशाचं येतं, मधलावाडा कोण म्हणणार? कार्यक्रम संपला तर त्यांतली एक मला म्हणाली, परत लावतात काय? म्हटलं उद्या सकाळी साडेसातला. "मग उद्या सासूला घेऊन येते."

आणि आजोची पहिली प्रतिक्रिया काय, तर, "मर्फी न्हय रे, फिलिप्स!" मी निवेदनात मर्फी म्हटलं होतं. त्यानेच पहिल्या दिवशी मर्फी सांगितलं होतं, माझ्याकडे फॅनसकट पुरावा आहे. पण आता तो फिलिप्सवर ठाम आहे.

शुक्रवारी सकाळी सड्यावर चौदा माणसं होती. मी फर्स्ट शिफ्टला होतो, आईने सांगितलं. टिपर आला नाही.

त्यानंतर स्टेशनवर दोन दिवसांत अकरा फोन आले. मॅडम म्हणाल्या एरवी आठवड्याला दोन येतात, त्यातला एक राँग नंबर. मला वाटलं कौतुकाचे असतील. अकरांतले आठ भांडायला आलेले होते. पहिला रेडिओ आजोच्या बापाचा नव्हताच, आमच्या मामाचा होता. तुम्ही कोणाला विचारून सांगितलं? एकाने तर सांगितलं की त्याच्या पणजोबांचा रेडिओ बघायला आजोचा बाप यायचा, आणि तिथूनच त्याला हौस लागली. काका खूश. रजिस्टरमध्ये सगळे फोन लिहून ठेवलेत, तारीखवार. मॅडम म्हणाल्या दुसरा भाग करा, तिसरा पण होईल.

एक फोन स्टेशनवर न येता सरळ आमच्या घरी आला, आईला. मधल्यावाड्याची सासू, वय ऐंशीच्या वर. तिच्या म्हणण्याप्रमाणे १९५८ साली तिच्या लग्नाच्या आधीच त्या घरात रेडिओ होता, काजूच्या पैशांतून घेतलेला, आणि तो अजून माळ्यावर आहे, लाकडी पेटीत, धोतरात गुंडाळून. येऊन बघा म्हणाली. आणि येताना बॅटरी आणा, विटेएवढी असते ती. मी डिचोलीच्या बाजारात तीन दुकानांत विचारलं. पहिल्या दोघांनी पेन्सिल सेल पुढे केले, तिसरा दुकानदार जरा वयस्कर होता, तो हसायलाच लागला, मग म्हणाला ती बॅटरी बंद होऊन जमाना झाला, पण तेवढे व्होल्ट पाहिजे असतील तर छोटे चौकोनी सेल एकापुढे एक जोडून बघ, आधी व्हॉल्व्ह शाबूत आहेत का ते कोणालातरी दाखव. काका रविवारी मीटर घेऊन येतायत.

आजोला सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण गावात काय लपतं. काल देवळाकडे भेटला तर स्कूटर थांबवून विचारतो, रविवारी किती वाजता निघायचं. मी म्हटलं तू कशाला उन्हातान्हात.

"ती फटी मारतली. हांवूय येतां." ती थापा मारणार, मी पण येतो.